हालू नका, वहिनी

“हालू नका, वहिनी,” देवरावभाऊ म्हणाले, आणि मी हलले नाही.

ते घळीच्या मधल्या दगडावर उभे होते. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं होतं. मी काठावर होते. माझ्या हातात त्यांचीच लांब छत्री होती, मिटलेली, वाकड्या मुठीची. आमच्यात चार हातांचं अंतर असेल. मी पाण्यात टाकायला एक पाय उचलला तेव्हा ते बोलले. ओरडले नाहीत. आयुष्यभर स्टुडिओत नवरा-नवरीला, शाळेच्या पोरांना, तहसीलच्या साहेबांना ज्या आवाजात सांगत आले, त्याच आवाजात बोलले. मी पाय खाली ठेवला. मग वरून लोंढा आला. लोंढा थोडा उतरला तेव्हा दगड दिसायला लागला, देवरावभाऊ दिसले नाहीत.

देवरावभाऊ मूळचे सावरगावचे. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्ण्याच्या बाजारात त्यांचं फोटोचं दुकान होतं. माझे मालक आणि ते शाळेत एका बाकावर बसायचे, म्हणून मी त्यांची वहिनी. अंगानं वाळके, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, आणि डाव्या भुवईवर एक पांढरा व्रण. तो गोटमारीचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून गावं एकमेकांवर दगड फेकतात त्याचा. तरुणपणी ते नदीकाठी उभं राहून गोटमारीचे फोटो काढत होते. मी एकदा विचारलं, सगळे पळत होते तर तुम्ही का पळाला नाही. ते म्हणाले, “गोटा येताना दिसला होता, वहिनी. कॅमेऱ्यातूनच दिसला. पण हाललो असतो तर फोटो खराब झाला असता.” हे त्यांनी मोठेपणानं सांगितलं नाही. भात करपला हे सांगावं तसं सांगितलं.

बाजारातली पोरं त्यांना पाहिलं की “हालू नका” म्हणून ताठ उभी राहायची. ते चिडायचे नाहीत. जवळ जाऊन एखाद्याची हनुवटी बोटानं वर करायचे, “आता बरोबर हाये,” म्हणायचे आणि पुढे जायचे.

दुकानात पडदा होता, त्यावर तळं आणि हंस रंगवलेले. पण त्यांचं निम्मं काम दुकानाबाहेरचं असायचं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. तेव्हा खेड्यात माणूस जिवंत असताना त्याचा फोटो काढायला कोणाला सवड नव्हती. माणूस मेला की आठवण यायची. मग देवरावभाऊंना निरोप जायचा. ते सायकलवर यंत्र बांधून यायचे, मढं खुर्चीत किंवा बाजेवर बसवायला सांगायचे, घरच्यांना मागे उभं करायचे आणि हालू नका म्हणायचे.

माझ्या घरीही ते तसेच आले होते. माझी पहिली मुलगी तीन वर्षांची होऊन तापानं गेली. तिचा एकही फोटो नव्हता. मालकांनी माणूस पाठवला. देवरावभाऊ आले, माझ्याकडे न बघता त्यांनी यंत्राचे तीन पाय अंगणात रोवले. पोरीला झबलं घालून माझ्या मांडीवर दिली. आभाळ भरलेलं होतं, उजेड कमी होता. ते म्हणाले, “वहिनी, हालू नका. उजेड नाई, येळ लागते.” मी दात आवळून बसले. पण शेवटी मला राहवलं नाही आणि मी हलले.

फोटो आला तो असा. पोरगी स्पष्ट. पापण्यांचे केस मोजता येतील इतकी स्पष्ट. मी मात्र पुसट, तोंडाच्या जागी नुसता धूर. आजही ट्रंकेत आहे तो. नातवंडांनी एकदा विचारलं, ही बाई कोण? मी म्हटलं, मी.

त्या फोटोसाठी मी देवरावभाऊंवर बरीच वर्षं रागावले होते. ते घरी आले तर मी चहा द्यायचे, बोलायचे नाही. राग कशाचा, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

पुढे घरोघर मोबाइल आले, दुकान बसलं. त्यांची बायको गेली. माझे मालक गेले. देवरावभाऊंचा मुलगा नागपूरला नोकरीला होता, त्यानं बापाला एक नवा कॅमेरा आणून दिला आणि सोबतीला चला म्हणाला. देवरावभाऊंनी कॅमेरा घेतला, नागपूर नको म्हणाले. आणि सौसर तालुक्यात मोहगावच्या पुढे आमचं संत्र्याचं शेत आहे, तिथे यायला लागले.

शेताच्या मागे डोंगर चिरल्यासारखी घळ आहे. उन्हाळ्यात तिथे नुसते दगड. पावसाळ्यात पाणी पडतं, शेवाळ चढतं, खेकडे निघतात, कुजक्या लाकडावर तांबड्या छत्र्या फुटतात. देवरावभाऊंना हेच पाहिजे होतं. माणसाचा फोटो काढणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. लग्नाला बोलावलं तरी नाही, नातवाचाही नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “जिता माणूस हालते, वहिनी. मेला माणूस हालत नाई. दोन्ही पाहून पाहून थकलो. आता खेकडा बरा.”

त्यांच्याबरोबर दोन कुत्री असायची. एक काळा, त्याचं नाव त्यांनी निगेटिव्ह ठेवलं होतं. आमच्या गड्यांच्या तोंडी तो निगेट्या झाला. दुसरी तांबडी, लाली. बाजारात उकिरड्यावर सापडलेली पिल्लं ती, पण बसमध्ये त्यांना घेऊ देत नाहीत म्हणून देवरावभाऊ कंडक्टरशी रोज भांडायचे. शेवटी पुतण्याच्या टेम्पोत बसून यायला लागले.

मी त्यांच्यासोबत घळीत जायला लागले ती तरोट्याची भाजी खुडायला. पहिल्याच दिवशी पाऊस आला आणि त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. मी त्यांच्या डोक्यावर धरली. ते म्हणाले, “माझ्यावर काहून धरून राहिल्या? मी काय मिठाचा हाओ? कॅमेऱ्यावर धरा.” तेव्हापासून माझं ते काम झालं. ते भिजायचे, मी भिजायचे, कॅमेरा कोरडा. ते एका खेकड्यासाठी तासभर उकिडवं बसायचे. मी कंटाळून हात बदलला की छत्रीची कड फोटोत यायची, मग ते नुसते माझ्याकडे बघायचे.

गावात बायका बोलल्याच. म्हाताऱ्या विधवेनं परक्या माणसाबरोबर पावसात रानात जावं, हे बोलण्यासारखंच होतं. मोहगावच्या बाजारात एकीनं मला विचारलं, “काय वो, फोटो काढून राहिली म्हणे रानात?” मी म्हटलं, “हो. बेडकाचे काढून राहिलो. तुझा काढायचा असला तर ये.” मग तिनं परत विचारलं नाही.

पोरीच्या फोटोचा राग अजून माझ्या मनात होता, तो मी एक दिवस घळीतच काढला. कामाच्या मध्येच म्हटलं, “माझ्या पोरीचा फोटो तुम्ही चांगला नाही काढला, भाऊजी.”

ते लेन्स पुसत होते. पुसायचे थांबले. मला वाटलं, मी हलले म्हणून तसा आला, असं सांगतील. ते खरंही होतं. पण ते म्हणाले, “तुमी हालल्या, हे मले तवाच दिसलं होतं. खिशात दुसरी फिल्लम होती. आणखी एक काढता आला असता.” मग म्हणाले, “मले भेव वाटलं, वहिनी. लेकराचं तोंड मले पुन्हा पाहायचं नव्हतं. म्हणून मी सायकल काढली.”

छत्रीची कड खाली आली होती, ती वर केली. त्या दिवसापासून माझा राग मात्र गेला. कसा गेला, माहीत नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली ती सकाळ. बारीक पाऊस होता. काठावर बसून त्यांनी एका खेकड्याचे फोटो काढले, मी छत्री धरून होते. मग पाऊस थांबला. ते म्हणाले, “मधल्या दगडावरून अंगावर उजेड येईल त्याच्या,” आणि पाण्यात उतरले. पाणी घोट्याएवढं होतं. छत्री नको होती, म्हणून मी मिटली.

कुत्री उतरली नाहीत. रोज ती त्यांच्या आधी पाण्यात असायची. निगेट्या काठावरच थांबला आणि कण्हायला लागला. लाली तर मागच्या मागे वर चढली. देवरावभाऊ हसले, म्हणाले, पावसानं शहाणी झाली.

आमच्यावर पाऊस थांबला होता, पण वर डोंगरावर आभाळ काळं होतं. मला ते दिसत होतं. मग पाण्याचा रंग बदलला, त्यात पानं आणि काटक्या यायला लागल्या. शेतकऱ्याच्या घरात जन्म गेला माझा, याचा अर्थ मला कळत होता. मी म्हटलं, “भाऊजी, पाणी गढूळ झालं.” ते कॅमेऱ्यातून बघत होते. म्हणाले, “बस एक.” काम चालू असताना बोललेलं त्यांना चालत नसे. म्हणून मी दुसऱ्यांदा बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं.

त्यांनी मान वर केली तेव्हा पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. मग जे झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते खाली, जांभळाच्या मुळांत अडकलेले सापडले. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात होता. पोलीस पंचनामा करायला आले. तुम्ही काय केलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, काही नाही. त्यांनी तसंच लिहिलं.

तेरवी झाल्यावर त्यांचा मुलगा आमच्या शेतावर आला. सभ्य मुलगा आहे. चहा घेतला. मग माझ्या दारामागे टांगलेल्या छत्रीकडे बघत म्हणाला, “काकू, ही छत्री तुमच्या हातात होती ना?”

मी हो म्हटलं.

“लांब आहे चांगली,” तो म्हणाला.

“हो. मूठ वाकडी आहे. धरता आली असती त्यांना.”

मी त्याला सांगितलं की तुझ्या वडिलांनी मला हालू नका म्हटलं. हे खरं आहे. पण पूर्ण खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. त्यांनी तसं म्हटलं नसतं, तर मी दुसरा पाय उचलला असता की नाही, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. हेही मी त्याला सांगितलं. तो रडला. मी त्याला रडू दिलं.

जाताना त्यानं मोबाइलवर मला एक फोटो दाखवला. कॅमेरा गेला होता, पण आतलं कार्ड नागपूरच्या दुकानात उघडलं होतं. मधल्या दगडावरून देवरावभाऊंचा एकही फोटो झाला नव्हता. शेवटचा होता तो काठावरचा, खेकड्याचा. नांग्यांवरचे ठिपके मोजता येतील असा. वरच्या कोपऱ्यात एक काळी पट्टी होती. मुलानं विचारलं, हे काय आलं? मी म्हटलं, छत्रीची कड आहे, माझा हात खाली आला असेल.

कुत्र्यांचंही त्यानं विचारलं, पण नागपूरच्या घरात जागा नाही म्हणाला. ती माझ्याजवळ आहेत. घळीकडे नेलं तर बांधापर्यंत येतात, पुढे येत नाहीत. मीही जात नाही.

त्या दिवशी घळीत दोन माणसं आणि दोन कुत्री गेलो होतो. कुत्री वाचली. मी वाचले.