उलटी फरशी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भुसावळला माझ्या स्वयंपाकघरात भरतासाठी वांगी भाजत होते. "शकूबाई, गेले ते," एवढंच ती म्हणाली. मला हुंदका फुटला, तर पलीकडून लगेच, "पहिले गॅस बंद करा, मग रडा." माझा थोरला भाऊ धुळ्याच्या एका कॉलेजात जन्मभर भूशास्त्र शिकवत होता, आणि या बाईने जन्मभर त्याचा संसार असाच धाकात ठेवला होता. भाऊ जाऊन आता काही आठवडे झाले. लोक त्याच्याबद्दल फार गंभीर बोलतात. तो गंभीर नव्हता. हट्टी होता, बडबड्या होता, आणि दगडांच्या बाबतीत तर अगदी लहान मुलासारखा होता.

आमच्या खानदेशात कुठेही खणा, काळा दगड लागतो नाहीतर तापीचा गाळ. काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, आणि तापीचा गाळ भाऊच्या हिशेबाने अगदीच कालपरवाचा. पृथ्वी कोवळी असताना इथे पाणी कसं होतं, हवा कशी होती, हे कळायचं तर त्या काळचा गाळ लागतो, दबून दबून दगड झालेला. तो आपल्याकडे नाही, सातपुड्यापलीकडे आहे. म्हणून भाऊ दरवर्षी मुलांना घेऊन तिकडे सहल काढायचा. पुढे कॉलेजने सहली बंद केल्या आणि त्याचा जीव तुटायला लागला. "शकू, चित्र दाखवून कुणाला पोहायला शिकवता येतं का गं?" चोपड्याच्या, शिरपूरच्या पोरापोरींनी एकदा तरी त्या जुन्या गाळावर स्वतःचा हात ठेवावा, एवढंच त्याला हवं होतं. दुसरी हाव मी त्याच्यात कधी पाहिली नाही.

त्याच सुमारास त्याचं घर बांधून होत आलं होतं. मागच्या अंगणासाठी विंध्याकडून लाल फरश्या आल्या होत्या. त्यातली एक हातात घेऊन सुकलाल मिस्त्री त्याच्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, हाई फरशी खराब शे. बठ्ठी लहरी लहरी शे. उलटी बसाडी देसू?" उलटी बसवायचं ऐकून भाऊ धावतच गेला. त्या लहरी म्हणजे उथळ पाण्याच्या लाटांनी वाळूवर उठवलेले वरंबे होते, शंभर कोटी वर्षांपूर्वीचे तरी असावेत असा त्याचा अंदाज. झाड नाही, मासा नाही, लाटेचा आवाज ऐकायला एक कान नाही, नुसता जिवाणूंचा चिकट थर आणि वारा. आणि फरशी लाल का? तर वाळूतलं लोखंड गंजलेलं. म्हणजे तोवर हवेत प्राणवायू आला होता. हे सगळं सुकलालला उन्हात उभं करून सांगितलं आणि फरशी लहरी वर करूनच बसवून घेतली. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढा जुना समुद्र माझ्याच मोरीपाशी कशाला? पाणी साचेल, शेवाळं धरेल." पाणी साचलं, शेवाळंही धरलं. पण आता दरवर्षी मुलं अंगणात यायची, चहा प्यायची, त्या लहरींवरून हात फिरवायची आणि भाऊ सुखात असायचा.

मग एका वर्षी मुक्ताईनगरची एक मुलगी आली. बराच वेळ फरशीकडे बघून म्हणाली, "सर, लाटेच्या वरंब्याचं टोक निमुळतं असतं आणि मधला खळगा गोल, असं तुम्हीच शिकवलं. इथे तर उंचवटे गोल आहेत आणि खाचा टोकदार." भाऊ उकिडवा बसला. बोटाने चाचपून बघितलं. आणि मग इतका मोठ्याने हसला की शेजारचे भिंतीवरून डोकावले. मूळ वरंबे ते नव्हतेच. त्यांच्यावर येऊन बसलेल्या पुढच्या थराचं ते पोट होतं, त्यांचा उलटा ठसा होता तो. इतकी वर्षं भूशास्त्राच्या प्राध्यापकाच्या अंगणात समुद्राचा तळ उलटा पडला होता, आणि सुकलालने नकळत सुचवलेली बाजूच खरी होती! पण आता मोठी पंचाईत झाली. सुलटी करावी तर लहरी जमिनीत गाडल्या जाणार, आणि दिसायला हव्यात तर फरशी चुकीचीच ठेवायची. ते त्याला सहन होईना... दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं, असं वहिनी सांगायची. मग त्याने सुकलालला बोलावून विटांचे चार खांब बांधून घेतले आणि फरशी त्यावर ठेवली, लहरी खाली करून. "मी सांगेल व्हतं ना, भाऊ?" सुकलाल म्हणाला. वरची सपाट बाजू वहिनीला मिळाली, तिच्यावर तिने वर्षानुवर्षं कुरडया वाळवल्या. मुलं खाली सतरंजीवर उताणी पडायची आणि भाऊ सांगायचा, "आपण समुद्राच्या तळाखाली आहोत. वर बघा." आपली चूक तो प्रत्येक तुकडीला चवीने सांगायचा. मी मात्र गुडघ्यांचं निमित्त सांगून कधी खाली गेले नाही. वहिनीलाही कधी जाताना पाहिलं नाही.

भाऊच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरी लोक जमले होते, कॉलेजचे प्राचार्यही आले. सरांची आठवण म्हणून ही फरशी कॉलेजच्या आवारात बाक म्हणून सिमेंटमध्ये पक्की बसवू, नावाची पाटी लावू, असं म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी म्हणाली, "सिमेंटमध्ये बसवणार असाल तर देत नाही."

"मग लहरी वर करून बसवू या?"

"उलटी त्यांना चालणार नाही. खांबांवर ठेवा. खाली माणूस झोपेल एवढी जागा सोडा."

"अहो वहिनी, कॉलेजच्या आवारात लोक आडवे पडणार? बरं दिसेल का ते?"

"मग राहू द्या. इथेच बरी आहे." प्राचार्य दोन घोट पाणी प्याले आणि कबूल झाले.

गेल्या आठवड्यात तो कार्यक्रम झाला. हार, फीत, भाषणं सगळं झालं. फरशीच्या वरच्या बाजूवरून सगळ्यांनी हात फिरवला, पाटीचे फोटो काढले. वाकून खाली मात्र कुणी बघेना. मुलं एकमेकांना ढकलत हसत होती. आता हा नुसता बाक होणार, असंच वाटलं. तेवढ्यात वहिनीने पर्स माझ्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि कडक इस्त्रीच्या साडीसकट जमिनीवर बसून, मग आडवी होऊन, सरकत सरकत फरशीखाली गेली. तिची नुसती पावलं दिसत होती. बराच वेळ ती हललीच नाहीत. शेवटी एका मुलीने चपला काढल्या आणि वाकून विचारलं, "काकू, आम्ही येऊ का आता?"

"थांब गं," आतून वहिनीचा आवाज आला, "माझं अजून बघून झालं नाही."