मरियमला घरी सोडायला आलेली गाडी

खांडबाऱ्याकडच्या डोंगरातली मरियम कोणाला घाबरत नसे, पाद्र्यालाही नाही. गावच्या ओढ्यावरचा पूल वाहून गेला. तो बांधून मिळावा म्हणून सगळ्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून झाले, तेव्हा तिनेच बायकांना घेऊन हमरस्त्यावर ठाण मांडलं. ट्रकांची रांग लागली. पोलिसांनी आधी समजावलं, मग दरडावलं, शेवटी बायकांना उचलून गाडीत कोंबलं. दिवसभर ठाण्यात बसवून संध्याकाळी फौजदार म्हणाला, "जा आता घरी."

मरियम जागची हलली नाही. "साहेब, मी काय माझ्या पायानं आली? आमच्याकडं ज्यानं माणूस आणलं, त्यानंच घरी पोचवायचं." बाकीच्या बायकाही मांडी ठोकून बसल्या.

फौजदाराने कपाळाला हात लावला आणि गाडी काढायला सांगितली. स्वतःही पुढे बसला. ओढ्याशी येऊन गाडी थांबली. पुढे पूलच नव्हता.

"उतरा," तो म्हणाला.

"घर पलीकडं आहे," मरियम बसल्या जागेवरून म्हणाली. "सकाळी आम्ही अडवलेला रस्ता तू तासाभरात मोकळा केला. आता हा करून दाखव."