बापू वस्तादांचं प्लोवदिव

आमच्या गल्लीतले बापू वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर बसून अनोळखी माणसालाही थांबवत. "पावणं, मी प्लोवदिवला गेलतो." कुठं आलं हे, असं पावण्याने विचारलं की वस्ताद खूश. "बल्गेरियात की! शिकंदराच्या बापानं जिंकलं आणि तवा सोताचंच नाव दिलं गावाला. सात टेकड्या व्हत्या. एक फोडून रस्त्याला घातली, ऱ्हायल्या सहा. आणि भर बाजारपेठेच्या खाली दोन हजार वर्साचं कुस्त्यांचं मैदान! वर लोक चपला इकत घेत्यात, खाली पैलवान झोपल्यात!"

यातलं बहुतेक मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. सत्तरच्या दशकात ते पैलवानांच्या चमूबरोबर मालीश करायला तिथे गेले आणि पहिल्याच दिवशी न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसले. बाकीचे दिवस दवाखान्यात. निघताना नर्सने शहराची माहिती देणारं एक इंग्रजी पुस्तक हातात दिलं. गल्लीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटी, म्हणून ते माझ्याकडे आलं. "दवाखान्याचं कुणाला सांगायचं न्हाय, बाळ," त्यांनी बजावलं. मी तशीही कुणाशी फारसं बोलत नसे.

मी कॉलेजात असताना प्लोवदिवचेच एक कुस्ती प्रशिक्षक तालीम बघायला आले. त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. वस्तादांनी मला बोलावलं. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही ही रीत, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी.

"मोठ्यानं बोल, पोरी! हितं मातीपत्तूर आलं पायजे!"

वीसेक पैलवान माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले.

पाहुण्यांनी विचारलं, आमच्या गावातलं तुम्हाला काय आवडलं? मी ते मराठीत सांगितलं.

"सांगा की वस्ताद, टेकड्या!" एक पैलवान ओरडला.

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी हलकेच होकारार्थी मान हलवली. ते काहीही बोलले असते तरी मी इंग्रजीत सगळं नीट बसवलं असतं. पण वस्ताद उभे राहिले.

"न्हाय पोरी. कट्ट्यावर काय बी बोललो आसंन, मातीत हुबं ऱ्हाऊन खोटं बोलणार न्हाय. सांग त्यास्नी, मी दवाखान्याची एक खिडकी बघितली. तिच्यातनं एक टेकडी आणि तिच्यावरचा घड्याळाचा मनोरा. बास."

मी ते इंग्रजीत जवळजवळ ओरडूनच सांगितलं. मागून आवाज आला, "म्हंजे इतकी वर्सं आमास्नी चितपट केलंसा की, वस्ताद!" सगळी तालीम हसली. वस्ताद हसले नाहीत.

पाहुण्यांनी बूट-मोजे काढले, लाल मातीत उतरले आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी सहा ढिगारे रचले. बोटाने नदी ओढली, टेकड्यांमधून एक लांब रस्ता ओढला. मग वस्तादांना हाताने खुणावलं, या.

पाहुणे एकेका टेकडीचं नाव सांगत, मी उंबऱ्याबाहेरून ते पुन्हा ओरडून सांगे, आणि वस्ताद अधू पाय जपून टाकत टेकडीवरून टेकडीकडे जात. रस्त्यापाशी ते थांबले. "मैदान ह्याच्याच खाली, व्हय?" पाहुण्यांनी मान डोलावली. वस्तादांनी वाकून तिथली चिमूटभर माती कपाळाला लावली.

संध्याकाळी पोरं नेहमीसारखी फावडी घेऊन माती उकरायला आली. वस्ताद दारातच आडवे आले.

"आज ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळी उकरा. नदीपल्याडलं प्लोवदिव अजून बघायचं ऱ्हायलंय माझं."