मामाची उत्तम कॉइल

आमचा मामा बोलण्याआधी घसा साफ करतो. “अंऽऽ हं!” मग चष्मा कपाळावर चढतो आणि पहिला शब्द बाहेर पडतो, “मुळात”. मुळात चहात साखर कधी घालावी, मुळात शेजारचा कुत्रा का भुंकतो, सगळं त्याला ठाऊक. हयातभर कचेरीत बसून लोकांच्या अर्जांवर “पुन्हा सादर करा” असा शेरा मारला. आता निवृत्त झाल्यावर अख्ख्या जगाचा अर्ज तो रोज सकाळी नामंजूर करतो.

त्यातून सुटलेली एकच वस्तू, त्याची जुनी गाडी. गोल दिव्यांची, बदामी रंगाची, बोहल्यावर चढवायची असल्यासारखी पुसलेली. सकाळी एका चावीत सुरू होते, ऐटीत गल्लीबाहेर पडते आणि बँकेच्या वळणावर मान टाकते. मग दूधवाला, इस्त्रीवाला आणि बँकेचा पहारेकरी ती ढकलत घरी आणतात. मामा आत बसून सूचना देतो. “अंऽऽ, डावीकडे जोर कमी पडतोय!”

दोष कॉइलचा आहे, हे त्या तिघांनाही माहीत होतं. कॉइल म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारा डबा, दुधाच्या पेल्याएवढा. मेकॅनिकने तर भर रस्त्यात ओरडून सांगितलं होतं, “साहेब, तापली की आतली तार तुटते, गार झाली की परत जुळते! बंद पडल्या पडल्या तपासा, तिथल्या तिथं!”

पण पालथ्या घड्यावर पाणी. मामाची तपासणी म्हणजे सोहळा. आधी आंघोळ. मग चहा. मग कॉइल गाडीतून काढून, मऊ फडक्याने पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवायची. मग काट्याचा मीटर यायचा. त्याच्या दोन तारा आधी एकमेकींना टेकवायच्या, काटा टुणकन उडाला की “मीटर शाबूत” असं जाहीर करायचं. शेवटी तारा कॉइलला. तोवर कॉइल माठातल्या पाण्याइतकी गार. काटा अर्थातच उडायचा.

“उत्तम!” मामा म्हणायचा. “मुळात ही अस्सल कंपनीची कॉइल आहे. खराबी पेट्रोलमध्ये आहे. हल्ली भेसळ फार.”

आणि ज्या टेबलावर ही पूजा चालायची, त्याच टेबलाची मामी वाट बघत असायची. तिचा शिवणाचा वर्ग. अर्ध्या मुली पलंगावर कापड पसरून बेतणार, दोघी जिन्यात, एक न्हाणीघराच्या दारात. बसायला जागा नाही म्हणून तिघीजणी आधीच सोडून गेल्या होत्या. तशात दुकान बंद करणाऱ्या एका शिंप्याने तिला आपलं बेतायचं लांबलचक टेबल देऊ केलं. रविवारी हो की नाही ते कळवायचं होतं. ते टेबल मावेल अशी घरात एकच जागा, गॅरेज, आणि तिथे मामाची गाडी नवरदेवासारखी उभी.

“अहो,” मामी रविवारी सकाळी म्हणाली, “मी पण येते आज गाडीतून.”

मामा हरखला. “ये की! बघच तू!”

“बघतेच. मंडईपर्यंत जाऊन आपल्या पायांनी परत आली, तर टेबल नको म्हणून कळवते. पुन्हा विषय काढणार नाही. नाही आली, तर गाडी बाहेर.”

“अगं, मुळात मी गेल्याच आठवड्यात तपासलीय. शंभर टक्के उत्तम.”

मामी पुढे बसली, मी मागे. बँकेचं वळण आलं. गाडीने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि मान टाकली. पहारेकरी खुर्चीतून उठायलाच लागला होता. मामीने त्याला हातानेच थांबवलं आणि पिशवीतून मीटर काढला.

“तपासा.”

“आत्ता? रस्त्यात? अगं, गरम आहे ती! जरा गार होऊ दे, मग घरी शास्त्रशुद्ध...”

“आत्ता.”

मामाने बॉनेट उघडलं. कॉइलच्या तारा सोडवताना बोटं भाजली, “हाऽऽ, हूऽऽ” झालं. मीटरची एक तार मधल्या भोकात, दुसरी कडेच्या स्क्रूवर. काटा ढिम्म. मामाने मीटरला टिचकी मारली. काटा ढिम्मच.

“मीटर बिघडलाय,” मामा म्हणाला.

मामीने त्याच्याच पद्धतीने दोन तारा एकमेकींना टेकवल्या. काटा टुणकन उडाला. पहारेकरी एव्हाना जवळ आला होता, त्याने “अरेरे” केलं.

इथे मामीने जे केलं ते मला अजून पटत नाही. मी तिच्या जागी असते तर तिथेच टाळ्या पिटल्या असत्या. ती मात्र हळू आवाजात म्हणाली, “हे बघा. फक्त ‘कॉइल गेली’ एवढं म्हणा. उद्या नवी बसवू. गाडी आहे तिथंच राहू दे, मी टेबलाला नाही म्हणते. माझं काय, काढीन दिवस पलंगावर.”

दोन शब्द! ते टाकले की गाडीही राहणार आणि गॅरेजही. मामाने बदामी बॉनेटवर हात ठेवला. घसा साफ केला. चष्मा कपाळावर चढवला.

“कॉइल...” तो म्हणाला.

आम्ही वाट पाहिली. इस्त्रीवालासुद्धा येऊन उभा राहिला होता.

“कॉइल... मुळात... आता हे ऊन बघ किती आहे! या उन्हात कुठलीही वस्तू... काटा काय, माणूसही हलणार नाही. कॉइल उत्तम आहे.”

मामीने त्याच्याकडे नीट पाहिलं, अगदी कापड घ्यायचं की नाही ते ठरवताना पाहते तसं. मग तिने फोन लावला. “टेबल पाठवा,” ती शिंप्याला म्हणाली. “हो, आजच. नाही नाही, दारात अडकायचं नाही. गाडी जाते त्यातून.”

फोन ठेवून तिने पदर खोचला आणि गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात टेकवले. पहारेकरी आणि इस्त्रीवाला तिच्या दोन्ही बाजूंना. मामाने कॉइल फडक्यात गुंडाळून खिशात घातली, आत जाऊन बसला, काच खाली केली.

“अंऽऽ,” आतून आवाज आला, “डावीकडे जोर कमी पडतोय!”