कावळा शिवलेला हिरो

केबलच्या ऑफिसात किस्से धुळीसारखे साचतात. कोणी मुद्दाम आणून टाकत न्हाई, पण एक दिवस टीव्हीवरून बोट फिरवलं की कळतं केवढा थर बसलाय! कॉलेज सोडून मी जाफराबादेत रफिकभाईच्या केबलवर वायरी ओढायला लागलो, तेव्हा आमच्या वडलांनी गावभर सांगितलं, पोरगं वाया गेलं. वाया गेलेल्याला निदान किस्से तरी मिळतात. ह्यांना नुसतं बीपी मिळतं.

त्या काळात रफिकभाईचं आपलं एक लोकल चॅनल होतं. वाढदिवस, पूजा, लग्नाच्या कॅसेटी. एकदा त्याला सणक आली, आपली स्वतःची सिरियल काढायची! मेलेली माणसं उठतात, लोकांना चावत सुटतात. मंग सरकार त्यांना शिबिरात नेतं, इंजेक्शन देऊन सुधरवतं, हातात कार्ड देतं आणि ज्याला त्याला आपापल्या घरी पाठवतं. नाव ठेवलं 'माघारी'. कॅमेरा माझ्याकडं. हिरो आमच्या गावातलाच सुदाम.

"त्याला कुठं ॲक्टिंग येते?" मी विचारलं.

"ॲक्टिंग कायको?" रफिकभाई म्हणाला. "तजुर्बा है ना उसको!"

*

तजुर्बा खरा होता.

सुदाम अंकुशनगरकडं ऊस तोडायला गेल्ता. मुकादमाशी भांडण झालं आणि हा तिथूनच पुण्याला पळाला, हॉटेलात भांडी घासायला. घरी पत्र न्हाई, फोन न्हाई. पंधरा दिवसांनी तिकडं उसाची ट्रॉली उलटली. खाली सापडलेल्या माणसाचं तोंड ओळखू येत नव्हतं, पण अंगात सुदामचा चौकड्याचा शर्ट होता. सुदामच्या बापानं, आबानं, शर्टावरून पोरगा ओळखला आणि जाळून मोकळा झाला.

दहाव्याला कावळा शिवेना. भात ठेवला, वांग्याची भाजी ठेवली. कावळे लिंबावर बसून नुसते बघून राह्यले. शेवटी कोणीतरी जिलेबी आणली. ठेवायची खोटी, पाच-सहा कावळे तुटून पडले! आबा रडला म्हणे, "माझ्या पोराचा जीव जिलेबीत अडकला होता."

दोन महिन्यांनी सुदाम एसटीतून उतरला. सगळी हकिकत ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाला, "पण मी जिलेबी खातच न्हाई!"



*

आबानं त्याला घरात घेतलं न्हाई. उंबऱ्याच्या आत उभा राहून म्हणाला, "दिसतो तर बराबर सुदामसारखा. पण कावळा शिवलाय बाबा."

गावातले शहाणे म्हातारे पारावर बसले. एक म्हणे, ह्याला पाळण्यात घालून पुन्हा बारसं करा. दुसरा म्हणे, बारसं झालं तरी जाळलेला माणूस घरात कसा घ्यायचा? चहा झाला, तंबाखू झाली, निकाल लागला न्हाई. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसले. पुन्हा चहा.

सुदाम ऑफिसात वायरींच्या भेंडोळ्यांवर झोपायचा. रोज सकाळी जाऊन घरासमोर उभा राहायचा. आबा बैलाला पाणी दाखवायचा, पण ह्याच्याकडं बघायचासुद्धा न्हाई.

समोरच्या पोरापेक्षा ह्यांचा कावळ्यावर भरवसा! आणि हीच माणसं मला म्हणायची, चार बुकं शीक.

*

मेकअप म्हणजे तोंडाला राख अन् पावडर, डोळ्यांखाली काजळ. एकदा शूटिंगला जायला आम्ही वडापची, शिटा भरून नेणारी जीप थांबवली. ड्रायव्हरनं सुदामकडं बघितलं.

"ह्याला टपावर बसवा."

"का?"

"आत जिवंत माणसं बसलेत!"

सगळी जीप खदाखदा हसली. येताना सुदामनं विहिरीवर तोंड धुतलं, घासून घासून लाल केलं. जीप तीच, ड्रायव्हर तोच. त्यानं बराच वेळ सुदामच्या तोंडाकडं निरखून बघितलं.

"तू वरच बस," तो म्हणाला. ह्या वेळी कोणी हसलं न्हाई.

*

दुसऱ्या भागात शिबिराचा साहेब घरी सोडायच्या मेलेल्यांची यादी वाचतो. तो भाग लागला आणि चौथ्या दिवशी हसनाबादची एक म्हातारी ऑफिसात हजर! हातात फोटो.

"यादीत माझा दत्ता हाये का बघा. ऊसतोडीला गेल्ता, आलाच न्हाई."

"मौसी, वो नाटक है," रफिकभाई म्हणाला.

"असू द्या. तरी बघा." तिनं टेबलावर जिलेबीची पुडी ठेवली. "आला तर द्या. लय आवडती त्याला. डावरा हाये, डाव्या हातानंच खातो. मारून मारून थकले, पण हात न्हाई बदलला."

सुदाम तोंडाला राख लावून बसला होता. त्यानं फोटो बघितला आणि उठून बाहेर गेला. मी मागं गेलो.

"थंडीत कुडकुडत होता," सुदाम म्हणाला. "निघताना मीच ह्याला माझा शर्ट दिल्ता."

म्हातारीला हे कोणी सांगितलं न्हाई. मीही न्हाई. ती दर सोमवारी यायची. रफिकभाई वही काढायचा, पानावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "इस हप्ते में नहीं, मौसी."

*

शेवटचा भाग आबाच्याच दारात घ्यायचा ठरला. जो माणूस पोराला दार उघडत नव्हता, तो टीव्हीत दिसायचं म्हणल्यावर कडक फेटा बांधून तयार! सीन एवढाच: पोरगा दारात येतो, बाप भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतो आणि म्हणतो, "ये घरात."

"एकदा कॅमेऱ्यासमोर म्हणू दे," सुदाम माझ्या कानात म्हणाला. "मंग मला बाहेर काढून दाखव म्हणावं."

अख्खं गाव जमलं. मी कॅमेरा सुरू केला. आबानं तुकडा उचलला. पुन्हा ताटात ठेवला.

"रफिक, हे खोट्यात म्हणलं तरी लागू होतं का?"

"आबा, बोलो तो सही!"

आबानं ताट उंबऱ्यावर ठेवलं, आत गेला आणि कडी लावली. कडीचा आवाज कॅसेटमध्ये अजून हाये.

सुदाम तसाच उभा. तेवढ्यात गर्दीतून हसनाबादची म्हातारी पुढं आली. तिनं ताट उचललं, त्याच्यावरून तुकडा ओवाळून टाकला, त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं.

"चल दत्ता. लय उशीर झाला."

मला वाटलं, आता हा म्हणणार, मावशी, मी तो न्हाई. कॅमेरा चालूच होता.

"आलो आई," सुदाम म्हणाला.

रस्त्यावर तीच जीप होती. तोंडावर राख तशीच. तो म्हातारीशेजारी आत बसला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

*

सहा महिन्यांनी आबानं अंथरूण धरलं आणि मला बोलावलं. "त्याला घेऊन ये. कावळ्याचं सोड म्हणावं." आता सुचलं!

मी हसनाबादला गेलो. तो अंगणात पाठमोरा बसला होता. "सुद्या!" मी हाक मारली. वळला न्हाई. पुन्हा मारली. न्हाई.

"दत्ता, कोण आलंय बघ रं," आतून म्हातारी म्हणाली.

तो लगेच वळला. हसला. मी आबाचा निरोप सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला.

"सुदाम गेला ना," तो म्हणाला. "कावळा शिवलाय."

म्हातारीनं आमच्यामध्ये जिलेबीची ताटली ठेवली. त्यानं एक उचलली, डाव्या हातानं.