पिक्चर बघून अण्णा रडले

मंडळी, आत्ताच अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पिक्चर दाखवून आणलं. कुस्तीचाच होता. बाप पोरीचा सुजलेला गुडघा आवळून बांधतो, तिला मैदानात उतरवतो आणि ती कायमची लंगडी होते.

अण्णा ढसाढसा रडले. म्हणाले, "बाप हाय का कसाई!"

मी म्हटलं, "अण्णा, माझाबी गुडघा तुम्हीच बांधलेला की."

"ती हरली. तू गदा आणलीस!"

घरी आल्यावर मी मुद्दाम तीच चांदीची गदा काठीसारखी टेकवत, नेहमीसारखी लंगडत जिना चढले. अण्णा खालून ओरडले, "अगं, जपून!"

मी थांबले. क्षणभर बरं वाटलं.

"चांदीला चरा पडंल की!"

तुमच्या घरी आधी काय जपतात?