मागच्या खोलीतलं नेट

गुणवंत शिगवण यांना आयुष्यात कुणी 'नाही जमणार' म्हटलेलं सहन झालं नाही. काशीमिऱ्याच्या हायवेला औषधांचं मोठं गोडाऊन आहे, तिथं ते सुपरवायझर होते. हमाल आला नाही तर स्वतः खोके उचलायचे आणि घरी येऊन कंबरेला शेक घ्यायचे. माणूस असा. रिटायर झाल्यावर तर विचारूच नका. नळ गळला, यांनी उघडला. नळ गळायचा थांबला आणि भिंत गळायला लागली. त्यांची बायको सुचेता तेव्हापासून त्यांच्या हातात पाना दिसला की देवाचं नाव घेते.

तर अशा माणसाला लेकीनं सहज म्हणून एक वाक्य टाकलं. रसिका पुण्यात, एका सॉफ्टवेअर कंपनीत. फोनवर म्हणाली, "बाबा, मागच्या खोलीत नेट असतं ना, तर मी दिवाळीपर्यंत तिकडेच राहिले असते. तिथूनच काम केलं असतं."

आता हे खरं की टोलवाटोलवी, ते तिचं तिला ठाऊक. कारण याआधी सुट्टी नव्हती, त्याआधी कामाचं प्रेशर होतं, त्याआधी मैत्रिणीचं लग्न. पण गुणवंतांनी हे वाक्य गाठीला बांधलं. सुट्टी मिळवून देणं काही त्यांच्या हातात नव्हतं. नेट ओढून देणं मात्र होतं. फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन ते उगाचच उभे राहिले. लेकीच्या पलंगावर सुचेतानं वाळलेले कपडे घडी करून ठेवले होते. लेक असती तर ओरडली असती, माझ्या पलंगावर कपडे नकोत म्हणून. ते ओरडणंही ऐकून वर्ष होत आलं होतं. इतकी आठवण आली की त्यांनी कपडे उचलून बाहेर नेऊन ठेवले.

घरात राऊटर होता, पण हॉलमध्ये, दाराशी. मधे स्वयंपाकघराची भिंत, भिंतीला लोखंडी कपाट. मागे जाईपर्यंत नेटचा जीव जायचा. मोबाइलची रेंज तर त्या बिल्डिंगमध्ये बिल्डरनं पहिल्यापासूनच दिलेली नाही. आणि हॉलमध्ये बसून मीटिंग कशी करायची पोरीनं? इकडे मिक्सर, तिकडे टीव्ही, दारात कोथिंबीरवाला.

गुणवंत नया नगरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "अंकल, आदमी भेजता हूँ, आधे घंटे का काम है." हे म्हणाले, "आदमी कायको? मैं क्या हूँ?" झालं. केबलचं भेंडोळं घेतलं, मागच्या खोलीसाठी राऊटरचा दुसरा डबा घेतला, केबलच्या टोकाला लावायच्या पारदर्शक क्लिपा घेतल्या आणि त्या दाबायची पकड दुकानदाराकडून उसनी आणली.

घरी आल्यावर माळ्यावरचं सामान खाली, जुन्या चादरी खाली, सुचेताची हंडी-कळशी खाली. केबल माळ्यावरून मागे नेली. टोक सोललं तर आत आठ बारीक वायरी. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची एकेक पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. त्या कुठल्या क्रमानं क्लिपमध्ये घालायच्या, ते दुकानदारानं सांगितलं होतं. पण तेव्हा गुणवंतांनी 'समझ गया, समझ गया' केलं होतं. मग आठवली शाळा. इंद्रधनुष्य! तानापिहिनिपाजा! तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. तांबडा नाही तर तपकिरी तांबड्याचाच भाऊ, तो आधी. मग नारिंगी, मग हिरवा, मग निळा. पिवळा नव्हताच, तो सोडला. दोन्ही टोकांना तस्सं लावलं. डब्याचा दिवा लागला आणि गुणवंतांनी टाळी वाजवली.

दिवा लागला, पण नेट रांगेना. व्हिडिओ लावला की माणूस तोंड उघडं टाकून थांबायचा. सुचेता म्हणाली, "तुमच्यासारखाच दिसतोय."

केबलचं कापलेलं टोक खिशात घालून स्वारी पुन्हा नया नगरला. दुकानदारानं ते उजेडात धरून पाहिलं. "ये कौन सा कलर कोड है, अंकल?" आता त्याला तानापिहिनिपाजा हिंदीत काय सांगणार? तो हसत हसत म्हणाला, सगळ्या जोड्या शेजारी शेजारी नाही बसवायच्या. हिरव्या जोडीला फोडायचं आणि तिच्या मधोमध निळी जोडी बसवायची.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तशी सुचेता पोट धरून हसली. "नवरा-बायकोच्या मधे दुसरंच जोडपं? नेट आहे की आपली लालबागच्या चाळीतली जुनी खोली?"

पण जमलं! मागच्या खोलीत नेट असं धावायला लागलं की हॉलपेक्षा भारी. गुणवंतांनी तिथला स्पीड मोजून लेकीला फोटो पाठवला. वर लिहिलं, "ये आता." तिचं उत्तर यायला अर्धा दिवस लागला. तेवढ्या वेळात यांनी फोन किती वेळा उचलून पाहिला असेल, त्याची गणतीच नाही. उत्तर आलं, "येते. दिवाळी करूनच जाईन."

रसिका आली. गुणवंतांनी राई गावच्या मासळीबाजारातून ताजा हलवा आणला, सुचेतानं भाकऱ्या थापल्या, पहिल्या रात्री गप्पा झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीचं दार बंद झालं.

बंद म्हणजे बंदच. कानाला ते हेडफोन, समोर लॅपटॉप. जेवायला यायची तीही ताटाकडे कमी, मोबाइलकडे जास्त बघत. संध्याकाळी अमेरिकेची मीटिंग. सुचेताचं काही अडत नव्हतं. ती दार ढकलून थेट आत जायची, घावणे घेऊन. "आई! कॅमेरा चालू आहे!" "असू दे की. त्यांना म्हणावं, तुम्ही पण खा." पण गुणवंतांना ते जमेना. ते दारापर्यंत जायचे, आतून इंग्रजी ऐकू आलं की मागे फिरायचे. पोरीचं काम, आपण कशाला मधे?

आणि एका दुपारी त्यांना दाराआडून तिचं हसणं ऐकू आलं. मोकळं, खदाखदा. लहानपणी हसायची तसंच. तिकडे कुणीतरी काहीतरी बोललं होतं आणि ती हसत होती. गुणवंत हातात चहाचा कप घेऊन तसेच उभे. हेवा वाटला हो त्यांना. त्या कोण कुठल्या, न पाहिलेल्या माणसांचा हेवा वाटला. नेट आपण ओढलं, माळ्यावर चढून कंबर मोडून घेतली आणि पोर हसतेय त्यांच्याशी.

ते हॉलमध्ये आले आणि राऊटरची बाहेरून येणारी वायर त्यांनी उपटली.

मिनिटभरात दार उघडलं. "बाबा, नेट गेलं!"

"अस्सं? बघतो हं. कंपनीकडूनच गेलं असणार," म्हणत गुणवंतांनी गंभीर चेहरा केला. रसिका वैतागली, पाच मिनिटं चिडचिड केली. मग खुर्चीवर पाय घेऊन बसली. चिवडा काढला. पुण्यातली घरमालकीण कशी बोलते त्याची नक्कल करून दाखवली. बाबांचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. माळ्यावरची केबल बघून म्हणाली, "हे तुम्ही एकट्यानं केलंत? कसलं भारी!" गुणवंतांना आकाश ठेंगणं झालं. तासाभरानं त्यांनी वायर हळूच जागेवर लावली.

चटक वाईट. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेट गेलं. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवशी रसिका चिवडा काढायला बसली नाही. जिन्यात जिथे जेमतेम रेंज येते तिथे जाऊन ती कुणाशी तरी बोलली आणि परत येऊन थेट बॅग भरायला लागली. "साहेब भडकलेत. म्हणाले, घरचं नेट असं असेल तर उद्या ऑफिसला हजर हो. बाबा, तुमची काही चूक नाही. पण इथे नाही जमत."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! गुणवंत पलंगाच्या कडेला बसले. गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. पण 'इथे नाही जमत' हे तिच्या तोंडून ऐकून घेणं त्यांना जमेना.

"नेट चांगलं आहे, रसिका. एकदम चांगलं आहे. वायर मी काढत होतो."

रसिकाचा हात बॅगेतच थांबला. "का?"

"तू आत असायचीस. मी बाहेर. तू घरी आलीयेस असं वाटतच नव्हतं मला."

तिनं बॅगेतला हात काढला आणि ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मग हाक मारायची ना, बाबा."

"तुझी मीटिंग चालू असायची."

"असू दे ना. आई येत नाही का?" तिनं डोळे पुसले. "आता सांगून झालंय हो. उद्या जावंच लागेल. दिवाळीला दोन दिवस येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची बस पकडायला तिला हायवेवर जायचं होतं. तिनं बॅग बाबांना उचलू दिली नाही, गुडघ्यांचं कारण सांगून. "येते," म्हणाली, आईच्या गळ्यात पडली, बाबांच्या पाया पडली आणि उतरली. गुणवंत खिडकीत. खाली रिक्षा उभी. रसिकानं बॅग आत टाकली.

"रसिकाऽऽ!"

अशी आरोळी की समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत आल्या. रसिकानं दचकून वर पाहिलं. "काय बाबा? काही राहिलं का?"

"काही नाही. नुसती हाक मारली."

रिक्षावाला म्हणाला, "चलें, मॅडम?" रसिकानं त्याला हातानंच थांबवलं. मान वर करून ती म्हणाली, "अजून एकदा मारा ना, बाबा."

गुणवंतांनी खिडकीचे गज घट्ट धरले, तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही.